जे. आर. जयवर्धने: एका माणसाच्या मापाने बेतलेली राज्यघटना

आपल्याकडे दर काही वर्षांनी एक मागणी डोकं वर काढते. आघाड्या, फोडाफोडी, अविश्वास ठराव हे सगळं पुरे झालं, देशाचा प्रमुख लोकांनीच थेट निवडावा आणि मुदत संपेपर्यंत त्याला कोणी हात लावू नये. 1980 च्या दशकात ही बाजू हिरिरीने मांडणाऱ्यांत विदर्भातले काँग्रेस नेते वसंत साठे पुढे होते. या चर्चेत दाखले बहुतेक वेळा अमेरिकेचे नाहीतर फ्रान्सचे दिले जातात. पण ब्रिटिशांकडून आपल्यासारखीच संसदीय पद्धत घेतलेला, अनेक भाषा आणि धर्म असलेला एक देश हा प्रयोग तेव्हा आपल्या शेजारीच करत होता. तो देश श्रीलंका, आणि प्रयोग करणारे ज्युनियस रिचर्ड जयवर्धने. श्रीलंकेत ते आजही नुसत्या 'जे. आर.' या नावाने ओळखले जातात.

जे. आर. यांच्यावर टीका करताना लोक यादवी युद्धापाशी थांबतात आणि कौतुक करताना खुल्या अर्थव्यवस्थेपाशी. या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण त्यांचा सगळ्यात टिकाऊ वारसा माझ्या मते तिसराच आहे. त्यांनी 1978 मध्ये जी राज्यघटना आणली तिच्यात सत्ता देणारी कलमं होती आणि सत्तेला आवर घालणारीही होती. पहिली त्यांनी पुरेपूर वापरली. दुसऱ्या प्रकारातलं सगळ्यात मोठं कलम स्वतःच्या कारकिर्दीत लागूच होऊ दिलं नाही. हे त्यांनी कसं जमवलं हे समजलं, की श्रीलंकेचं पुढचं बरंचसं राजकारण उलगडतं.

जे. आर. 1906 मध्ये कोलंबोत जन्मले. वडील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, घर ख्रिस्ती आणि इंग्रजी वळणाचं. पुढे त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला. तरुणपणी भारताच्या स्वातंत्र्यलढ्याकडे त्यांचं लक्ष होतं आणि 1940 च्या रामगढ काँग्रेस अधिवेशनाला ते आले होते. स्वतंत्र सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे, ते पहिले अर्थमंत्री. 1951 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत, वैराने वैर शमत नाही हे बुद्धवचन सांगून त्यांनी युद्धात हरलेल्या जपानची बाजू घेतली. जपानने ते भाषण कधी विसरलं नाही. पण याच माणसाने 1957 मध्ये, तमिळ नेते चेल्वनायगम यांच्याशी पंतप्रधान बंदरनायके यांनी केलेल्या, तमिळांना काही अधिकार देऊ पाहणाऱ्या कराराविरुद्ध कोलंबोहून कँडीला मोर्चा काढला होता. मोर्चाच्या विरोधकांनी तो इंबुलगोडाला अडवला. दुसऱ्या वर्षी बंदरनायके यांनी तो करार मोडीत काढला. त्याची सगळी जबाबदारी एकट्या जे. आर. यांच्यावर टाकता येणार नाही, तरी एक आडाखा तिथे दिसतो. वैराने वैर शमत नाही हे ते परदेशात सांगत, आणि घरी मतांचा प्रश्न आला की वैराला हवा देत.

आता मूळ मुद्दा, म्हणजे खुर्ची. डिसेंबर 1966 मध्ये एका विज्ञानविषयक संस्थेच्या व्यासपीठावरून जे. आर. यांनी सुचवलं की विकास हवा असेल तर कार्यकारी सत्ता संसदेच्या लहरीवर अवलंबून नको, ती थेट लोकांनी निवडलेल्या राष्ट्राध्यक्षाकडे हवी. त्यांच्याच पक्षाचे ज्येष्ठ नेते डडली सेनानायके यांना हे पटलं नाही. 1973 मध्ये डडली वारले, युनायटेड नॅशनल पार्टीची, म्हणजे यूएनपीची सूत्रं जे. आर. यांच्याकडे आली, आणि जुलै 1977 मध्ये निवडणूक झाली.

या निवडणुकीचे आकडे नीट पाहावे लागतील, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. यूएनपीला साधारण 51 टक्के मतं मिळाली आणि जागा मिळाल्या 168 पैकी 140. मावळत्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांच्या पक्षाला, श्रीलंका फ्रीडम पार्टीला, जवळपास 30 टक्के मतं पडली आणि जागा आल्या फक्त 8. आपल्याकडे आहे तीच पद्धत तिथे होती: मतदारसंघात ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून, बाकीची मतं वाया. त्यामुळे निम्म्याहून जरा जास्त लोकांच्या पाठिंब्यावर जे. आर. यांच्या हातात पाच-षष्ठांश संसद आली. घटना बदलायला दोन-तृतीयांश पुरतात. विरोधी पक्षनेतेपद तमिळ पक्षाच्या अमृतलिंगम यांच्याकडे गेलं, कारण सिरिमावोंपेक्षा त्यांच्या जागा जास्त होत्या.

'धर्मिष्ठ समाज' घडवण्याचं वचन देऊन जे. आर. पंतप्रधान झाले. काही महिन्यांतच त्यांनी जुन्या घटनेत दुरुस्ती केली आणि 4 फेब्रुवारी 1978 ला ते कार्यकारी राष्ट्राध्यक्ष बनले. त्या पदासाठी लोकांनी त्यांना निवडलेलं नव्हतं. थेट निवडणुकीचं तत्त्व देशाला देणारे पहिले राष्ट्राध्यक्ष थेट निवडणुकीशिवायच खुर्चीत बसले. सप्टेंबर 1978 मध्ये संपूर्ण नवी राज्यघटना लागू झाली.

तिच्या मूळ रूपातला राष्ट्राध्यक्ष म्हणजे आपल्या राष्ट्रपती आणि पंतप्रधानांची बेरीज, आणि वर आणखी थोडं. तो राष्ट्रप्रमुख, तोच सरकारचा प्रमुख, तोच सेनादलांचा प्रमुख. मंत्रिमंडळाच्या बैठकीचा अध्यक्ष तो. हवं ते खातं स्वतःकडे ठेवू शकतो. पंतप्रधान नेमतो, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश नेमतो, निवडणुकीला एक वर्ष झालं की संसद बरखास्त करू शकतो. मुदत सहा वर्षांची, आणि पदावर असेपर्यंत त्याच्यावर न्यायालयात खटला चालत नाही. काढायचं तर संसदेचे दोन-तृतीयांश सदस्य आणि मध्ये सर्वोच्च न्यायालयाची चौकशी, असा लांबचा रस्ता. आपल्याला पुरुषाची स्त्री आणि स्त्रीचा पुरुष करणं तेवढं जमत नाही, बाकी सगळं करता येतं, असं जे. आर. म्हणाल्याचं श्रीलंकेत आजही सांगितलं जातं.

याच घटनेत एक चांगली गोष्ट होती आणि ती मान्य केली पाहिजे. संसदेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणलं गेलं, म्हणजे जितकी मतं साधारण तितक्या जागा. 30 टक्के मतांना 8 जागा, हा अन्याय पुन्हा होणार नव्हता. विखुरलेल्या अल्पसंख्याकांच्या मतालाही किंमत आली. शिवाय या पद्धतीत दोन-तृतीयांश जागा मिळवणं फार अवघड, त्यामुळे पुढच्या कोणत्याही सरकारला घटना मनाला येईल तशी बदलता आली नसती. अध्यक्ष बलवान असेल, पण त्याला संसदेत विरोधकांशी बोलावं लागेल, असा तो तोल होता. कागदावर तरी.

महाराष्ट्रात थेट सरपंच आणि थेट नगराध्यक्षाची पद्धत 2016-17 च्या सुमाराला आली, 2020 मध्ये रद्द झाली, 2022 मध्ये परत आली. ती जवळून पाहिलेल्यांना हा तोल कळायला वेळ लागणार नाही. सरपंच एका पॅनेलचा आणि बहुतेक सदस्य दुसऱ्या पॅनेलचे निघाले, तर प्रत्येक ठरावाला समजूत काढावी लागते. जे. आर. यांनी यावर तोडगा काढला तो असा, की सदस्यांची निवडणूकच घेतली नाही.

1982 साल त्यासाठी बारकाईने पाहू. त्याआधी 1980 मध्येच सिरिमावोंचे नागरी हक्क सात वर्षांसाठी काढून घेऊन त्यांना संसदेतून घालवलं होतं. त्यासाठी चौकशी आयोगाचा खास कायदा केला होता आणि तो मागच्या कारभारालाही लावला होता. त्यामुळे सगळ्यात तगड्या प्रतिस्पर्धी मैदानाबाहेर. मग घटनादुरुस्ती करून राष्ट्राध्यक्षाला मुदतीआधी निवडणूक घेण्याची मुभा मिळाली. ऑक्टोबर 1982 मध्ये जे. आर. सुमारे 53 टक्के मतांनी निवडून आले. आता संसदेची निवडणूक यायला हवी होती, आणि ती नव्या, प्रमाणशीर पद्धतीने. ऑक्टोबरच्या मतांचा हिशेब मांडला तर यूएनपीला साधं बहुमत मिळालं असतं. पण पाच-षष्ठांश गेलं असतं, दोन-तृतीयांशही गेलं असतं.

म्हणून जे. आर. यांनी निवडणुकीऐवजी सार्वमत घेतलं. प्रश्न एकच: 1977 ची हीच संसद आणखी सहा वर्षं चालू ठेवायची का? मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती. 'हो' म्हणणाऱ्यांसाठी दिवा, 'नाही' म्हणणाऱ्यांसाठी मडकं. कारण असं दिलं गेलं की फ्रीडम पार्टीत 'नक्षलवादी' शिरले आहेत, त्यांनी हत्येचा कट रचला आहे, अशा लोकांना संसदेत येऊ देणं धोक्याचं. लोकप्रिय सिनेनट आणि विरोधी नेते विजय कुमारतुंगा यांना याच आरोपाखाली अटक झाली. काहीच सिद्ध न झाल्याने पुढे त्यांना सोडावं लागलं. मतदान 22 डिसेंबर 1982 ला आणीबाणी लागू असतानाच झालं. विरोधी प्रचारावर बंधनं आली, मतदान केंद्रांवर दांडगाई झाली. दिव्याला सुमारे 54.7 टक्के मतं पडली.

याच सुमारास जे. आर. यांनी आपल्या खासदारांकडून तारीख न घातलेले राजीनामे लिहून घेतले. कागद राष्ट्राध्यक्षांकडे, तारीख तेवढी कोरी. ज्यांच्या मतदारसंघात सार्वमतात मडकं जिंकलं, त्यांतल्या अनेकांना जावं लागलं आणि मे 1983 मध्ये तिथे पोटनिवडणुका झाल्या. पक्षांतराचा प्रश्नही असाच एकतर्फी सोडवला होता. विरोधी खासदार सरकारकडे आला तर त्याची जागा शाबूत राहावी आणि सरकारचा खासदार गेला तर त्याची जावी, अशी व्यवस्था 1979 च्या दुरुस्तीत झाली, कारण अखेरचा निर्णय संसदेच्या बहुमताच्या हाती ठेवला होता. 1978 ते 1988 या काळात या घटनेत 16 दुरुस्त्या झाल्या. इतक्या वेळा उसवून शिवलेल्या घटनेला नियमांचा संच म्हणणं मला जड जातं.

याचा अर्थ जे. आर. यांच्याकडे सत्तेची सुरुवात ते शेवट 1977 ची संसद होती. नव्या पद्धतीने संसदेची पहिली निवडणूक फेब्रुवारी 1989 मध्ये झाली. जे. आर. त्याआधीच, 2 जानेवारीला पायउतार झाले होते.

संसदेचा लगाम सुटला की न्यायालय आणि रस्ता उरतात. न्यायालयाचं काय झालं ते एका प्रकरणावरून दिसतं. मार्च 1983 मध्ये महिला दिनाच्या मोर्चात डाव्या नेत्या व्हिव्हियन गुणवर्धने यांना पोलिसांनी पकडलं. सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्ये ती अटक बेकायदा ठरवून भरपाई द्यायला सांगितली. सरकारने त्या पोलीस अधिकाऱ्याला बढती दिली, भरपाई सरकारी तिजोरीतून भरली, आणि त्यानंतर न्यायाधीशांच्या घरांसमोर टोळकी जमून शिवीगाळ झाली. आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोगाच्या प्रतिनिधीला जे. आर. यांनी सांगितलं की बढती आणि भरपाई आपल्याच हुकमाने झाली, पोलिसांचं मनोधैर्य टिकावं म्हणून. त्यांनी ते लपवलंसुद्धा नाही, आणि मला त्यांच्या कारकिर्दीतली ही गोष्ट सगळ्यात अस्वस्थ करणारी वाटते. रस्त्यावरच्यांची गत वेगळी नव्हती. जुलै 1980 च्या सार्वत्रिक संपानंतर सुमारे 40,000 कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या.

या सगळ्याची सगळ्यात मोठी किंमत तमिळांनी मोजली. 1977 मध्ये तमिळ पक्ष निवडून येऊन संसदेत बसला होता. वेगळ्या राष्ट्राची मागणी त्याच्या जाहीरनाम्यात होती, पण मार्ग सनदशीर होता. मे 1981 च्या अखेरीला उत्तरेतल्या तमिळबहुल जाफन्यात जिल्हा परिषदांच्या निवडणुकीच्या वेळी पोलिसांच्या जमावाने सार्वजनिक ग्रंथालय जाळलं. सुमारे 97,000 पुस्तकं आणि हस्तलिखितं गेली, त्यांत ताडपत्रंही होती. सरकारचे दोन मंत्री त्या वेळी शहरातच होते.

मग जुलै 1983. तेवीस तारखेला वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या एलटीटीई या सशस्त्र संघटनेने जाफन्याजवळ 13 सैनिक मारले. अंत्यसंस्कार कोलंबोत करायचं ठरलं आणि चोवीसच्या रात्री बोरेल्ला भागातून दंगल पेटली. जमावांच्या हातात मतदार याद्या होत्या, त्यावरून तमिळांची घरं आणि दुकानं शोधली गेली. वेलिकडा तुरुंगात, म्हणजे सरकारच्या ताब्यात, दोन हल्ल्यांत 53 तमिळ कैदी मारले गेले. दंगलीत मेलेल्यांचा सरकारी आकडा चारशेच्या आत होता, इतर अंदाज तीन हजारांपर्यंत जातात. जे. आर. चार दिवसांनी दूरचित्रवाणीवर आले. सिंहली लोकांच्या भावना समजून घ्या असं बोलले, मेलेल्या तमिळांसाठी सहानुभूतीचा एक शब्द नव्हता. दंगलीचा ठपका ठेवून जेव्हीपीसह (जनता विमुक्ती पेरामुना) तीन डाव्या पक्षांवर बंदी आली.

पुढचं पाऊल सगळ्यात घातक ठरलं. ऑगस्टमध्ये सहावी घटनादुरुस्ती झाली, आणि वेगळ्या राष्ट्राला पाठिंबा देणार नाही अशी शपथ प्रत्येक खासदाराला सक्तीची झाली. तमिळ पक्षाच्या खासदारांनी ती घेतली नाही, त्यांच्या जागा गेल्या. घरं जळाल्यानंतर काही महिन्यांत उत्तरेच्या तमिळांचा संसदेतला आवाजही बंद झाला. बोलण्याची जागाच काढून घेतल्यावर तरुण पोरं कोणाकडे गेली हे सांगायला नको. 1982 ची संसदीय निवडणूक झाली असती तर युद्ध टळलं असतं, असा दावा मी करणार नाही. पण दोन-तृतीयांश हातात नसते तर ही दुरुस्ती एकट्याच्या बळावर करता आली नसती, एवढं नक्की.

1987 पर्यंत गोष्टी हाताबाहेर गेल्या. जाफना द्वीपकल्पात लष्करी मोहीम चालू असताना भारताने 4 जूनला विमानांतून मदत टाकली आणि 29 जुलैला कोलंबोत, संचारबंदीत, राजीव गांधी आणि जे. आर. यांनी करार केला. दुसऱ्या दिवशी मानवंदनेच्या वेळी एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीच्या दस्त्याने वार केला, ती दृश्यं आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. त्यानंतर तिथे गेलेल्या शांतिसेनेतले भारताचे अकराशेहून अधिक जवान मारले गेले. करारातून तेरावी दुरुस्ती आली, प्रांतिक परिषदा झाल्या, तमिळ अधिकृत भाषा झाली. तीस वर्षांपूर्वी इंबुलगोडापर्यंत चालत जाऊन ज्या तडजोडीला विरोध केला, तिच्याहून मोठी तडजोड जे. आर. यांना परक्या सैन्याच्या सोबतीने करावी लागली. दक्षिणेत बंदी घातलेली जेव्हीपी सशस्त्र उठाव करत होती. तो चिरडताना हजारो सिंहली तरुण नाहीसे झाले, बरेचसे जे. आर. यांच्यानंतर आलेल्या प्रेमदासांच्या काळात.

अर्थव्यवस्थेबद्दल थोडक्यात. 1977 आधीच्या श्रीलंकेत पावासाठी रांगा होत्या, आयात जवळपास बंद होती. जे. आर. यांनी भारताच्या चौदा वर्षं आधी दारं उघडली. कटुनायकेला मुक्त व्यापार क्षेत्र झालं, त्यातून कपड्यांचा निर्यात उद्योग वाढला, महावेली नदीवरची धरणं तीस वर्षांच्या योजनेतून सहा वर्षांच्या वेगात आणली गेली. चहाच्या मळ्यांतल्या भारतीय वंशाच्या तमिळांचे नेते तोंडमान त्यांच्या मंत्रिमंडळात होते, तेही सांगितलं पाहिजे. दोन मुदतींची मर्यादा त्यांनी पाळली, बदलली नाही. या गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यासाठी संसद गोठवायला हवी होती का? साध्या बहुमताने आयात खुली करता येते. पाच-षष्ठांश लागतं ते प्रतिस्पर्ध्याला बाद करायला आणि खेळ चालू असताना नियम बदलायला.

पुढच्यांनी खुर्चीबद्दल तक्रार केली आणि तिच्यातच बसले. चंद्रिका कुमारतुंगा 1994 मध्ये हे पद रद्द करण्याचं वचन देऊन आल्या. 2005 मध्ये महिंदा राजपक्षे यांनीही तसंच म्हटलं, आणि 2010 मध्ये अठराव्या दुरुस्तीने दोन मुदतींची मर्यादाच उडवली. 2015 मध्ये सिरिसेनांच्या काळात एकोणिसावी दुरुस्ती अधिकार कापत आली, 2020 मध्ये गोटाबाया राजपक्षे यांच्या विसाव्या दुरुस्तीने ते परत दिले. दोन वर्षांत देश दिवाळखोरीत गेला आणि जुलै 2022 मध्ये लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले. गोटाबाया पळाल्यावर उरलेली मुदत भरून काढली ती रानिल विक्रमसिंघे यांनी, जे. आर. यांच्या मामेबहिणीच्या मुलाने.

सप्टेंबर 2024 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले अनुरा कुमार दिसानायके, त्याच जेव्हीपीचे नेते, जिच्यावर 1983 मध्ये बंदी आली होती. कार्यकारी राष्ट्राध्यक्षपद रद्द करण्याचं वचन त्यांच्याही जाहीरनाम्यात आहे. नोव्हेंबरच्या संसदीय निवडणुकीत त्यांच्या आघाडीला 225 पैकी 159 जागा मिळाल्या. जे. आर. यांच्या प्रमाणशीर पद्धतीत जे जवळजवळ अशक्य समजलं जात होतं, ते दोन-तृतीयांश बहुमत त्यांना मतपेटीतूनच मिळालं. पद रद्द करायला ते बहुमत लागतं आणि वर सार्वमत. चंद्रिकांपासून अनेकदा पुढे केलेलं आकड्यांचं कारण त्यांच्यापुढे तरी नाही.